बुधवार-शुक्रवारची कॅप्सूल

आई,

इलिंकाची शाळेची वही काल नीट पाहिली. वर्गात पळाली, मुलांना चावली, सगळ्या तक्रारी बुधवार-शुक्रवारच्याच. आपल्या ऑर्थोडॉक्स चर्चच्या बुधवार-शुक्रवारच्या उपासाला दूध-दही चालत नाही, म्हणून दह्यात मिसळून द्यायची तिची कॅप्सूलही तुम्ही देत नव्हतात ना?

फादर विसारियोनना विचारलं. सहा वर्षांच्या लेकराला उपास नसतो म्हणाले. तरी आज दही नकोच असेल, तर ती उठली की कॅप्सूल उघडून सफरचंदाच्या गरात घाला. आतले दाणे चुरडू नका. मी डॉक्टरांकडे चाललेय. तिच्या एडीएचडीच्या, म्हणजे अतिचंचलपणाच्या, औषधाचा डोस त्या वाढवणार होत्या, ते थांबवायला.

गेल्या शुक्रवारी ती मला सांगत होती, ‘आज औषध नव्हतं.’ मला वाटलं बहाणा करतेय. मी तिला मारलं. तुम्ही तिथेच होतात.

संध्याकाळी आधी तिची माफी मागेन. आपलं नंतर बघू.

रोक्साना