पांढरीतला लाल मणी

तीर्थरूप आईस, वैष्णवीचा पाया पडून नमस्कार. तुजी कंबर कशी हाय? म्हैस दूध द्यायली का? माजी खुशाली इचारू नको. रातभर डोळ्याला डोळा न्हाई, कारण आपल्या सृष्टीनं मणी गिळलाय, आन तो मणी दोन हजार वर्सांमागच्या एका व्यापाऱ्याचा हाय.

(फोनवर सांगितलं असतं. पण फोन सासूबाईच्या कमरेला असतो आन कान माज्या तोंडाला. म्हणून दूधवाल्याच्या हातानं चिठ्ठी.)

झालं असं, घराच्या मातीच्या धाब्यावर टाकायला मी गावामागच्या पांढरीच्या, जुन्या पडक्या वस्तीच्या टेकाडाची माती आणली. सगळेच आणत्यात. तिच्यात लाल दगडाचा मणी निघाला, हरभऱ्याएवढा. पोरीला लय दृष्ट लागायली म्हणून मी तो काळ्या दोऱ्यात ओवून तिच्या गळ्यात बांधला. मग टेकाड बघायला एक साहेब आले. त्यांनी आदी पोरीचा गळाच धरला (मायेनं), फोटो काढला, आन ओसरीवर बसून सांगायलेत, की हे गाव पयलं मोठं शहर होतं. गोदावरीच्या कडंनं बैलांचे तांडे पैठणच्या बाजाराला जायचे, ते हितं उतरायचे. हा मणी पार गुजरातेकडून आलता म्हणे. आता आमच्या फाट्यावर यष्टी थांबत न्हाई, आन तवा दुनिया मुक्कामाला यायची. सासूबाई तिथंच आपली सोन्याची बोरमाळ नव्यानं ओवीत बसल्या होत्या. त्यांनी इचारलं, मग तो मणीवाला गेला कुठं?

साहेब म्हणले, "कुठं जातोय मावशी, असंल ह्याच मातीत."

आई, ती माती आमच्या डोक्यावर हाय. वर मांजर चाललं तरी मला वाटायलंय, तो मणीवाला मणी मोजायलाय.

साहेब बाजाराच्या दिवशी मणी न्यायला येणार. सरकारी वस्तू हाय, जपा म्हणले. ते गेले आन बोरमाळीत एक मणी कमी भरला. सासूबाई गावभर सांगत सुटल्यात, साहेबानंच जुना समजून नेला.

आन काल बघते तर पोरीच्या गळ्यात नुसता दोरा. मणी कुठं गं म्हणलं, तर पोटावर हात ठेवून हसायली. दोन हजार वर्सं मातीत जो झिजला न्हाई, तो पोटात काय झिजणार? साहेबांनी सरकारी वस्तू मागितली तर ते पोरगीच उचलून नेत्याल का? सृष्टीचे पप्पा ऊस घिऊन कारखान्याला गेलेत. सासूबाईला सांगितलं तर त्या पोरीला उलटं धरून हलवत्याल. गुजरातेहून बैलावर आलेला मणी, त्याला मुक्कामाला माज्याच लेकराचं पोट सापडलं.

तुजी, वैष्णवी

ता.क. मणी निघाला. देव पावला. धुऊन बघितला, तर आई, तो सोन्याचा हाय. साहेब सुटले बिचारे.

दुसरा ता.क. म्हंजे लाल मणी अजून आतच हाय. पोरगी सकाळधरनं घास घेईना. जो कोण हे वाचायलाय त्यानं हे आईला वाचून दाखवू नका, तिचं बीपी चढतंय. नागेशदादाला सांगा, जीप घिऊन ये, गंगाखेडला दवाखान्यात जायचंय. सासूबाईनं इचारलं तर दादानं आई पडली, न्यायला आलो म्हणावं. आईला सोन्याच्या मण्यापतोर वाचा, पण ते मागून. आदी दादाला फोन लावा.