अनारशाचं पीठ

१२ ऑक्टो. २०१४, रविवार
मंगेश पोचला नाही. सुट्टी संपवून काल यायचा होता. सोहारच्या औद्योगिक वसाहतीत सुतारकाम करतो, मूळचा गुहागरचा. दर दिवाळीला आमच्या, वैदेहीच्या नि नाईककाकूंच्या घरचं पार्सल त्याच्याच बॅगेतून येतं. फोन बंद. शि. म्हणाला, "येईल, इन्शाल्ला. कंपनीत गेला असेल थेट." नवऱ्याची ही बेफिकिरी एरवी बरी वाटते.

१३ ऑक्टो.
मंगेशला विमानतळावर धरलंय. त्याच्या खोलीतल्या दत्तूचा फोन आला होता. बॅगेत खसखस सापडली. इथे आखातात ती अफूच्याच हिशेबात धरतात, नवा माणूस उतरला की पहिल्या आठवड्यात त्याला कुणीतरी सांगतंच.
वैदेहीला कळवलं. मी काही विचारायच्या आत म्हणाली, "आमच्या पार्सलात नुसता चिवडा होता गं." एवढी घाई का?

१५ ऑक्टो.
नाईकांकडे सगळे जमलो. मंगेशने सांगितलंय म्हणे, बॅग माझी, सामानही माझंच. ऐकून सगळ्यांनी खाली पाहिलं. सुटकाही वाटली सगळ्यांना, मलासुद्धा.
नाईककाका म्हणाले, "आपण कुणी कुणाचं नाव घ्यायचं नाही. खलास."
काकू माझ्याकडे बघत होत्या. की मलाच तसं वाटलं?

१७ ऑक्टो., शुक्रवार
सुट्टी, म्हणून दत्तू अल् खुवैरला आला. सोफ्यावर बसेचना. अरबी येणाऱ्या कुणाकडून कळलं म्हणाला, पुडी पिठात पुरलेली होती. "लपवलीय असं वाटतंय त्यांना, वैनी. नुसती वर असती तर येवढं झालं नसतं."
मी चहा टाकायला आत गेले.
अनारशाच्या पिठात मधोमध खसखशीची पुडी ठेवायची आईची पद्धत. म्हणजे थापायच्या वेळी शोधाशोध नको. ताईलाही नागपूरला तसंच पाठवते. गेल्या वर्षी मी वैदेहीला हसत हसत सांगितलं होतं. आईला मात्र बजावलं होतं, इकडे चालत नाही. तेव्हा ती म्हणाली होती, "नैवेद्याला बिनखसखशीचा अनारसा?"
दत्तू गेल्यावर पुण्याला फोन केला. विचारलं, डब्यात काय काय भरलं होतंस? आई म्हणाली, "नुसतं पीठ. खसखस नव्हती."
खसखशीचं नाव मी काढलंच नव्हतं.

१९ ऑक्टो.
पुन्हा फोन केला. आई रडायला लागली. "शिरीषरावांनी सांगितलंय तेच बोलते मी. कुणीही विचारलं तरी नुसतं पीठ."
कधी सांगितलं? तर म्हणे सोमवारी, तेरालाच. म्हणजे दत्तू येऊन सांगायच्या आधीच याने ओळखलं होतं. माझ्या आईची सवय माझ्याआधी याला आठवली. आणि नाईकांकडे माझ्या शेजारी बसून मान हलवत होता.

२० ऑक्टो.
शि.ला विचारलं. आवाज चढवला नाही त्याने.
"तू जाऊन सांगशील आणि तुला आत घेतील. आर्याची शाळा, माझा व्हिसा, सगळं बंद."
"आणि मंगेश?"
"चौकशी होईल, सुटेल. त्याला तर माहीतही नव्हतं."
"तेच तर सांगायला हवं ना कुणीतरी."
तो टीव्हीचा रिमोट शोधायला लागला. काळजी की हुशारी, इतक्या वर्षांत मला याच्यातलं वेगळं करता आलेलं नाही.

२१ ऑक्टो.
मंगेशच्या बायकोचा फोन, गुहागरहून. नंबर तिला दत्तूने दिला. "वैनी, ह्ये कुनाचं पार्सल उघडून बघत नाय हो. लोकांचा इश्वास हाय म्हनतात. तुमाला काय कळलं तर सांगा." मी हो म्हटलं.
कथेचं टिपण उघडून बसले होते. एक ओळ झाली नाही. माझ्या कथांतल्या बायका किती चटकन खरं बोलतात.

२३ ऑक्टो., लक्ष्मीपूजन
वैदेहीने ताट पाठवलं. अनारशांवर तीळ. नाईककाकूंच्या ताटात अनारसेच नाहीत. आम्ही सगळ्याच एकमेकींची ताटं तपासतोय. आर्याने विचारलं, "आई, तू अनारसे का नाही मेक केले?" शि. म्हणाला, "आईला बरं नाहीये."
झोपताना त्याला सांगितलं, शनिवारी मी पोलीस ठाण्यात जाणार. तू आलास तर तुझ्याबरोबर, नाहीतर टॅक्सीने. त्याने दिवा मालवला.

२५ ऑक्टो., शनिवार
सकाळी तो आपण होऊन म्हणाला, "चल, मीच नेतो. रेसिडेंट कार्ड घे, बास." दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. जाताना सहज म्हणाला, "आर्या वैदेहीकडे आहे ना, तिलाही वाटेत घेऊ." ठाण्यात पोरीला कशाला?
तो गाडी काढायला खाली गेला. मी कपाट उघडलं. पासपोर्टचा पाऊच रिकामा. तिघांचेही नाहीत. ठाण्यात लागतील म्हणून घेतले असतील. पुलापाशी एक रस्ता ठाण्याकडे वळतो, दुसरा विमानतळाकडे.
वैदेहीला फोन केला. म्हटलं, मी स्वतः, एकटी येईन, तेव्हाच आर्याला सोड.
तिने कारण विचारलं नाही. म्हणाली, "खसखस कुणाची ते मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. तू जातेस का, तेच बघत होते."
खाली हॉर्न वाजतोय. कार्ड घेतलंय. गाडीत मागे बसणार आहे, दाराजवळ.