छपरावरची जाळी

सिन्नर,
६ डिसेंबर २००७

ज्योत्स्ना हिस आशीर्वाद.

तुझं पत्र सोमवारी पोचलं. आम्ही दोघं बरे आहोत. थंडीनं सरिताचा गुडघा धरतो, एवढंच. गहू उगवून आलाय. मधाच्या पेट्या यंदा बावीस आहेत आणि माशा जोरात आहेत. अक्कांची तब्येत कशी आहे ते तू लिहिलं नाहीस. सासूचं सगळं करूनही त्याबद्दल तू कधी चार ओळी लिहीत नाहीस, हे सरिता नेहमी म्हणते. तिच्या आईचं तू करतेस, याची तिला जाण आहे.

तू कारवान मागितलीस. मागायची गरज नव्हती. देवळाली कॅम्पच्या लिलावात ती मी आणि दत्तूनं मिळून घेतली होती. तिथला कारकून त्या चाकांवरच्या पत्र्याच्या खोलीला कॅरॅव्हॅन म्हणाला आणि घरी येईपर्यंत दत्तूनं तिची कारवान करून टाकली. आठ वर्षं ती आमच्या वस्तीवर चाकांखाली दगड लावून उभी आहे. टायर बदलून घेतले आहेत. पंधरा तारखेनंतर ट्रॅक्टरला जोडून तुझ्या दारात आणून सोडतो.

तू आणि तानुबाई कांद्याच्या फुलोऱ्याला, डोंगळ्याला पेट्या लावणार, हे वाचून बरं वाटलं. कांद्याच्या बियाण्याला माशी लागतेच आणि आता शेतकऱ्यांनाही ते कळलंय. दोघी बायका महिनाभर माळावर राहणार म्हणून लोक काही बोलतील. बोलू दे. चांदवडकडच्या माळावर वीज नाही, आडोसा नाही आणि जानेवारीत पहाटे पाण्याच्या डब्यावर बर्फाची पातळ पापडी धरते. थंडीत आम्ही कसं करायचो ते तू विचारलंस, म्हणून नीट लिहितो.

दार उगवतीला करून उभी कर. सकाळचं पहिलं ऊन आत आलं पाहिजे. वाऱ्याची बाजू बघ आणि त्या बाजूनं चाकांच्या मधल्या पोकळीत कडब्याच्या पेंढ्या ठासून लाव. थंडी भिंतीतून येते असं आपल्याला वाटतं, पण खरी येते ती खालून. आत फळीवर आधी ताडपत्री, तिच्यावर भुसा भरलेली पोती आणि मग गोधड्या. आम्ही पहिल्या वर्षी नुसती सतरंजी टाकून झोपलो आणि सकाळी दोघांच्याही पाठी धरल्या होत्या. दत्तू दुपारपर्यंत वाकून चालत होता आणि वर मलाच म्हातारा म्हणत होता.

पत्र्याला अंग लावून झोपायचं नाही. रात्रभर माणसाच्या श्वासाचं पाणी पत्र्यावर धरतं आणि अंथरूण भिजवतं. सकाळी उठल्यावर आधी फडक्यानं पत्रा पुसायचा आणि अंथरुणं उन्हात टाकायची. ओली गोधडी घेऊन झोपण्यापेक्षा न घेतलेली बरी. चूल बाहेरच. चुलीत तीन-चार विटा तापवायच्या, पोत्यात गुंडाळायच्या आणि पायाशी ठेवायच्या. निम्मी रात्र पाय गरम राहतात. झोपताना कानाला बांध. बाजरीची भाकरी आणि तिळाची चटणी पोटात असली की अंग आतून तापतं. पेट्यांना पोती गुंडाळ, पण दार मोकळं ठेव. माशा एकमेकींना धरून बसतात आणि त्यांची त्या ऊब करतात.

एवढं लिहून मी दोन दिवस पत्र बाजूला ठेवलं होतं.

तुझ्या पत्रात शेवटी एक ओळ आहे. 'शेगडी मी आत नेणार नाही. त्यांनी केली ती चूक मी करणार नाही.' तू सहज लिहिलीस. मला ती ओळ ओलांडून पुढं जाता येईना. दत्तूनं चूक केली, असं तू आठ वर्षं मानत आलीस. तू मानावंस म्हणून मी गप्प राहिलो. आता जे लिहितो ते बसून वाच.

कारवानच्या छपराला तेव्हा मधोमध हवेची जाळी होती, वर पत्र्याची टोपी. दार घट्ट लावलं तरी आतली हवा तिच्यातून जायची. त्या जाळीच्या भरवशावर आम्ही कोळशाची शेगडी आत घ्यायचो. तेही चूकच होतं आणि ती आम्हा दोघांची होती. पण दोन हंगाम काही झालं नाही, म्हणून आम्ही बिनघोर झालो.

त्या जानेवारीत दत्तूला पडसं झालं होतं. अंगात कणकण होती. रात्री त्याच जाळीतून त्याच्या डोक्यावर वारा यायचा आणि तो कुडकुडायचा. त्या दिवशी दुपारी तो पाणी आणायला गेला असताना मी छपरावर चढलो. टोपीखाली पोतं कोंबलं, वरून प्लॅस्टिक घातलं आणि तारेनं आवळून बांधलं. त्याला बरं झोपता यावं म्हणून केलं. आतून बघणाऱ्याला जाळी होती तशीच दिसत होती.

मग मी मधाचे डबे मोटारसायकलला बांधून नाशिकला निघालो. वाटेत तो भेटला, सायकलला दोन कॅन लावून येत होता. मला म्हणाला, "दाजी, उद्या येताना खोकल्याचं औषध आणा. आन् साखर आणा, माशांना पाक करायला लागंल."

मी म्हटलं, "आणतो. तू आज लवकर झोप."

"झोपतो की. तुमच्या घोरण्यातनं सुटलो आज."

एवढंच बोलणं झालं. तो हसत गेला. जाळीचं मी बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी नऊच्या सुमारास मी पोचलो तेव्हा दार आतून लावलेलं होतं. हाका मारल्या, मग पहारीनं कडी तोडली. तो कुशीवर झोपला होता आणि चेहरा लालसर होता, म्हणून आधी मला वाटलं तापच आहे. हात लावला तेव्हा कळलं. शेगडी कोपऱ्यात विझून राख झाली होती. पुढं डॉक्टर म्हणाले की कोळशाच्या गॅसला वास नसतो, झोपेतल्या माणसाला कळतही नाही.

मी ओरडलो नाही. कुणाला बोलावलं नाही. आधी छपरावर चढलो, तार सोडली, पोतं आणि प्लॅस्टिक काढलं आणि चुलीत जाळलं. मग शेतमालकाला हाक मारायला गेलो. माझं डोकं ठिकाणावर नव्हतं असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं. ते खरं नाही. डोकं ठिकाणावर होतं म्हणूनच पोतं जाळायचं सुचलं.

लोक जमले. पोलीस आले. कुणीतरी आतल्या फळीवरची रमची बाटली उचलली, निम्मी रिकामी. झालं. पिऊन पडला आणि शेगडी पेटती ठेवली, असं एकानं म्हटलं आणि संध्याकाळपर्यंत ते सगळ्या गावाचं झालं. सरकारी कागदावर दारूचा उल्लेख नव्हता. कागद कोण वाचतो?

ती बाटली माझी होती. कॅम्पातल्या एका ओळखीच्या माणसाकडून थंडीसाठी म्हणून मी आणली होती. दत्तूनं तिला कधी हात लावला नाही. वासानंसुद्धा तो तोंड फिरवायचा.

दहाव्याला, सगळी बसलेली असताना, तू उठून आलीस. तुझ्या लग्नाला तेव्हा चार वर्षंही झाली नव्हती. तू मला विचारलंस, "दाजी, तुम्ही त्यांच्याबरोबर राहायचात. तुम्ही सांगा, ते घेत होते का?" मी खाली मान घातली. मी काही बोललो नाही आणि लोकांनी त्याचं उत्तर लावून घेतलं. तू एकटी म्हणत राहिलीस की ते घेत नव्हते. नवऱ्याचं झाकते म्हणून लोक तुझ्यावर हसले. अक्काही पुढं पोराला दोष देऊ लागल्या. आईनं मेलेल्या पोराला दिलेल्या शिव्या मी ऐकल्यात, ज्योत्स्ना, आणि चहा पिऊन घरी आलोय.

तुझं पत्र आल्यावर मंगळवारी मी हे सरिताला सांगितलं. ती बाजरी निवडत बसली होती. जाळीचं सांगितलं, पोतं जाळल्याचं सांगितलं. तिनं सूप खाली ठेवलं. एकच विचारलं, "बाटली कुणाची होती?"

मी म्हटलं, "माझी."

तिनं परत सूप घेतलं. दोन दिवस ती स्वयंपाक करत होती, वाढत होती, माझ्याशी बोलत नव्हती. तिसऱ्या दिवशी सकाळी म्हणाली, "तिला सांगायला जाऊ नकोस. तोंडानं सांगशील आन् रडशील, मग तिलाच तुझी समजूत घालायला लागंल. लिहून दे. तिला परत परत वाचता येईल."

म्हणून लिहितोय. तिनं हे सांगितलं नसतं तर मी येऊन रडलोच असतो.

आता जे राहिलं ते सरितालाही सांगितलेलं नाही. पत्र मी उघडंच तिच्या हाती देणार आहे, म्हणजे ती तुझ्याआधी वाचेल. तिला मी म्हटलं की जाळीचं दत्तूला सांगायचं राहून गेलं. ते अर्धंच खरं आहे. त्या संध्याकाळी मी पंचवटीत व्यापाऱ्याच्या घरी डबे उतरवले. त्यानं चहा दिला, अंगावर घ्यायला रग दिला. हातात कप असताना मला जाळी आठवली. स्पष्ट आठवली. साडेसात वाजले होते. दोन तासांत मी माळावर पोचलो असतो. माळावर फोन नव्हता, गेल्याशिवाय दुसरा उपाय नव्हता. मी दारापर्यंत उठून गेलो, बाहेरचा वारा तोंडावर लागला आणि परत येऊन बसलो. मनात म्हटलं, ताप आहे, तो शेगडी पेटवायचा कंटाळा करील. एका रात्रीत काय होतंय? मला थंडीत गाडी चालवायची नव्हती, एवढंच कारण होतं. आठ वर्षं मी त्याला दुसरं काही नाव शोधतोय, सापडत नाही.

माफी मागत नाही. मागितली तर तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल आणि तुझ्याकडून आणखी काही घ्यायचं माझ्या मनात नाही.

कारवानमध्ये मी बदल केलेत, ते तुला माहीत असावेत. छपरावरची टोपी काढून तिथं उंच नळकांडं बसवलंय, त्यात काही कोंबता येत नाही. दाराची खालची पट्टी दोन बोटं कापून टाकली आहे. समोरासमोरच्या भिंतींना वर एकेक झरोका पाडलाय आणि त्यांना झाकण ठेवलेलं नाही. त्यामुळे थंडी वाजेल. वाजू दे. मोकळ्या हवेतली थंडी गोधड्यांनी भागते. माझ्या हातची वस्तू वापरायची नसेल तर तेही मला कळतं. तसं सरिताला सांग, मी ती तोडून भंगारात घालीन आणि तुम्हा दोघींसाठी दुसरी सोय बघीन.

सरिता स्वतः हे पत्र घेऊन येते आहे. ती अक्कांना सांगणार आहे. तिनं राहायचे कपडे घेतले आहेत, किती दिवसांचे ते मी विचारलं नाही.

हे पत्र तुझं आहे. अक्कांना वाचून दाखव, गावात दाखव, पोलिसांना दाखव. ज्या दिवशी बोलावशील त्या दिवशी येईन आणि दहाव्याला जी माणसं बसली होती त्यांच्यासमोर तू विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देईन. इथंही देऊन ठेवतो. दत्तू घेत नव्हता. त्यानं कधीही घेतली नाही. तू खरं बोलत होतीस.

पत्राच्या शेवटी मी नेहमी 'दाजी' लिहितो. आज पूर्ण नाव लिहितो, म्हणजे वाचणाऱ्याला हे कुणी लिहिलं याचा संशय राहणार नाही.

गोरक्ष यादव भाबड
(सही माझीच, शुद्धीत आणि स्वतःच्या मनानं केलेली)