तांबड्या पेन्सिलीची सही

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा शिवणकाम, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. डॉक्टरांनी तपासून तसा दाखला दिला आहे. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या माझ्या थोरल्या भावाचं मत वेगळं आहे, पण त्याचं मत सगळ्याच बाबतीत वेगळं असतं.

१. माझी वरच्या मजल्यावरची राहती जागा आणि दुकानाचा गाळा माझी मुलगी व माझी सून या दोघींना समान हक्काने मिळावा. मला मुलगा नाही. सून म्हणजे मुलीची बायको. अशा लग्नाला कायद्याने मान्यता द्यावी की नाही, यावर सध्या देशभर वाद चालू आहे, आणि आमच्या जिन्यातही: दादा विरोधात, मी बाजूने. कायद्याने काय ते सावकाश ठरवावं. मी दोघींचे लग्नाचे पोशाख शिवून मोकळी झाले आहे.

२. पेपर. आम्ही बहीणभाऊ मिळून एकच घेतो. आधी दादा वाचतो, पक्षपात दिसेल तिथे तांबड्या पेन्सिलीने रेघ मारतो आणि वर पाठवतो. मग मी निळी मारते. गंमत अशी, की दोन्ही रेघा बहुतेक एकाच वाक्याखाली असतात.

"बघ, बघ! तुमच्या पोरी फोटोत कशा हसतायत, आणि आमचा माणूस नेमका जांभई देताना छापलाय!" हे दादाचं.

"अरे, पण मथळा कोणाचा? आमचं म्हणणं आतल्या पानावर, गाद्यांच्या जाहिरातीखाली!" हे माझं.

पेपर विकला गेलाय यावर आमचं एकमत आहे. कोणाला, एवढंच ठरायचं आहे. माझ्यामागे वर्गणी मुलींनी चालू ठेवावी. भांडायला कोणी नसेल तर दादाला पेपर गोड लागायचा नाही.

३. बाहीचं प्रकरण. कापडाला हात लावण्याआधी मी जुन्या पेपरावर नमुना कापते. लग्नाच्या घाईत दादाने वाचण्याआधीच ताजा पेपर हाती आला, आणि दादाच्या बाजूचा एकुलता एक लेख सुनेच्या बाहीत गेला. भोक पडलेला पेपर घेऊन दादा तडक पेपरच्या कचेरीत! संपादकांच्या नाकासमोर ते धरून म्हणाला, "आता तर तुम्ही आमचं म्हणणं चक्क कापायलाच लागलात!" त्यांनी बिचाऱ्यांनी त्याला चहा पाजला. खरं कळल्यावर दादाने काही दिवस माझ्याशी बोलणं टाकलं, आणि लग्नाच्या जेवणालाही आला नाही. त्याचं मला वाईट वाटलं, अजून वाटतं. माझी मुलगी त्याच्या खांद्यावर बसून मोठी झाली आहे. आता दोघी जिन्यात भेटल्या की हा पेपर तोंडासमोर धरतो.

४. शिवणयंत्र मुलीला. कापडाची मोठी कात्री सुनेला, कारण दुकान आता तीच बघते. त्या कात्रीने कागद कापलेला मला मेल्यावरही खपणार नाही.

५. दादाला काही ठेवलेलं नाही. रागाने नव्हे. वकीलबाई म्हणाल्या, साक्षीदाराला वाटा ठेवू नये. म्हणून मी त्याला विचारलं, "दादा, माझी आरामखुर्ची हवी, की साक्षीदार व्हायचंय?" त्या खुर्चीवर त्याचा कधीपासून डोळा आहे. "वाचून सांगतो," म्हणाला. उद्या माझ्या पोरी त्याच्या डोक्यावर राहणार. मी नसताना त्याने त्यांना दार लावू नये, एवढ्यासाठी मला त्याची सही हवी आहे. नाहीच केली, तर खुर्ची त्याची. केली, तर खुर्चीचं काय करायचं ते त्यानेच सुचवावं.

वरील मजकूर वाचून, समजून सही केली.

ठिकाण: शिवणयंत्राशेजारचं टेबल.
तारीख: आजच्या पेपरावर आहे ती. निदान ती तरी खरी असावी.

साक्षीदार, पेपरवाला: बाईंनी माझ्यासमोर सही केली. दोघांचंही रोज जिन्यात ऐकतो. मी कोणाच्याच बाजूचा नाही.

साक्षीदार, थोरला भाऊ (तांबड्या पेन्सिलीने): धाकटीने माझ्यासमोर सही केली. मजकूर संपूर्ण एकतर्फी आहे. कलम तीनमध्ये माझी बाजू विचारलेलीच नाही. खुर्ची भाचेसुनेला द्यावी. दिवसभर शिवून तिची पाठ दुखते, जिना चढताना कळतं. पेपराआडूनही दिसतं.