जागा नसल्याचा दाखला

पुलाखाली, सिएटल
३ ऑक्टोबर

चि. क्लिफ्यास थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

मी खुशाल आहे. बिस्किटही खुशाल, सध्या त्याच्या अंगावर पिसवा नाहीत. गेल्या महिन्यात पालिकेची माणसं तंबू उचलायला आली तेव्हा माझा फोन आणि आईचा बिडाचा तवा एकाच कचरागाडीत गेले, म्हणून हे पत्र. उत्तर चर्चच्या पत्त्यावर धाड. तुझं घर इथून दिसतं, पण टपाल आधी दुसऱ्या गावाला जाऊन मग तुझी टेकडी चढतं म्हणे.

आता आनंदाची बातमी. शाळेचं स्वयंपाकघर बंद पडून माझी नोकरी गेली, मग भाडं वाढून घर गेलं, त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून सरकारी खोलीच्या यादीत माझं नाव होतं. ते वर आलं रे! खोलीला दार आहे आणि दाराला कुलूप आहे. फक्त एक कागद कमी पडतोय. जवळच्या नातेवाइकाने लिहून द्यायचं, की आम्ही हिला आमच्या घरी ठेवू शकत नाही. चोवीस तारखेच्या आत. मला तुझ्याशिवाय आहे कोण? दोनच ओळी लिही. नवीन काही करायचं नाहीये, सहा वर्षं करतोयस तेच कागदावर उतरवायचं.

ब्रेंडाला माझा पापा. अंगणातली ‘या घरात सर्वांचं स्वागत आहे’ ही पाटी पावसाने फिकट झाली असेल तर रंगवून घे. लोभ आहे तसाच राहू दे, या वेळी सहीनिशी.

तुझी,
लॉर्ना

सीडर टेकडी, सिएटल
९ ऑक्टोबर

प्रिय लॉर्ना हीस सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र वाचून आम्ही दोघंही गहिवरलो. ब्रेंडाला तर चहाही गेला नाही.

इकडे नुसती धावपळ आहे. आमच्या रस्त्याच्या फुटपाथवर सिमेंटच्या मोठमोठ्या कुंड्या बसवून घेतल्या. काही कोत्या मनाचे लोक म्हणतात की कुणी तंबू ठोकू नये म्हणून त्या आहेत. आम्ही फक्त फुलांचा विचार केला होता. शिवाय पंचवीस तारखेला आमच्या मंडळाचे आम्ही सगळे बेघरांचं दुःख समजून घेण्यासाठी क्लबाच्या हिरवळीवर तंबूत मुक्काम करणार आहोत. गाद्या आणि शेगड्या भाड्याने सांगितल्यात. तुला अनुभव आहे म्हणून विचारतो, तंबूचं तोंड कुणीकडे करावं?

त्या दोन ओळी मात्र माझ्या हातून लिहवेनात. मी बेघर साहाय्य मंडळाचा उपाध्यक्ष. असला कोरडा कागद माझ्या सहीने फिरला तर लोक काय म्हणतील? आणि तुला ठेवणार नाही असं आम्ही कधी म्हणालो का? तो विषय निघाला नाही, इतकंच. म्हणून मी कचेरीला परस्पर पानभर चांगलं पत्र पाठवलं आहे. काळजी करू नकोस, मनापासून लिहिलंय. सोबत लोकरीचे मोजे धाडतो. ते आणि आमचं प्रेम दोन्ही जपून वापर.

तुझा,
क्लिफर्ड

पुलाखाली
१६ ऑक्टोबर

चि. क्लिफ्यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

तंबूची पाठ वाऱ्याकडे कर. मोजे पोहोचले, एक बिस्किटाने खाल्ला.

तुझं पत्र कचेरीतल्या बाईंनी मला मोठ्याने वाचून दाखवलं. ‘माझ्या घराचं दार माझ्या बहिणीसाठी सदैव उघडं आहे’ इथे आल्यावर बाईंनी खरोखर डोळे पुसले. मग म्हणाल्या, असा भाऊ असताना तुम्ही बेघर कशा? आणि माझ्या फायलीवर शिक्का मारला. चोवीसपर्यंत उलटं लेखी आलं नाही, तर माझं नाव यादीच्या तळाला. पुन्हा सहा वर्षं. तोवर मी सदुसष्टची होईन आणि बिस्किट नसेलच.

पण तू लिहिलंयस, तेव्हा प्रश्नच मिटला. मी शुक्रवारी चोवीसला दुपारी येते. सामान एक ढकलगाडी, दोन पिशव्या आणि कुत्रा. गाडी फाटकातून जाईल अशी एक कुंडी तेवढी सरकवून ठेव. शनिवारी तू तंबूत असशील, तेव्हा तुझा बिछाना रिकामाच आहे. भेटीअंती बोलूच, लोभ समोरासमोर करू.

तुझी,
लॉर्ना

सीडर टेकडी
२३ ऑक्टोबर, तातडीचे

प्रिय लॉर्ना, स. न. वि. वि.

गैरसमज करून घेऊ नकोस. आज मी स्वतः गाडी घेऊन कचेरीत गेलो आणि दाखला हातोहात दिला. वकिलाचा शिक्का आहे, दोन साक्षीदार आहेत. त्यात लिहिलंय की घरात झोपायच्या चार खोल्या असून एकीत आम्ही, एकीत ब्रेंडाचं कुंभाराचं चाक, एकीत व्यायामाची सायकल आणि चौथी पाहुण्यांसाठी राखीव असल्याने बहिणीला जागा नाही, पुढेही होणार नाही. तुझ्यासाठीच केलं हे. त्याची प्रत या पत्रासोबत माणसाकरवी आजच चर्चमध्ये पाठवतोय.

परतताना तुझ्या पुलाखालूनच आलो. सिग्नल हिरवा होता, म्हणून थांबता आलं नाही. ब्रेंडाचं डोकं दुखतंय. कृपया उद्या येऊ नये. लोभ आहे, तो लांबूनही राहील.

तुझा,
क्लिफर्ड

खोली नंबर ४१२, सिएटल
१४ नोव्हेंबर

चि. क्लिफ्यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

खोली मिळाली. बाईंनी तुझा दाखला वाचला आणि या वेळी डोळे कोरडे ठेवून लगेच सही केली. इतका व्यवस्थित कागद आजवर कुणी आणला नव्हता म्हणाल्या. खोली तुझ्या न्हाणीघराएवढी असेल. बिस्किट दिवसातून दहादा दाराशी जाऊन ते बंद आहे ना ते बघून येतो. मीही बघते.

एक सांगते, हसू नकोस. मी येते म्हणून लिहिलं ते तुला घाबरवायला नाही. बाईंनी तुझं पत्र वाचलं तेव्हा मला ते खरं वाटलं. तेवीस तारखेला मी चर्चच्या न्हाणीघरात केस धुतले, बिस्किटालाही धुतलं, निळा झगा मागून आणला. बाहेर आले तर फादरनी तुझं पाकीट हातात दिलं. खूप रडले रे क्लिफ्या. ज्या कागदासाठी तुझ्या पाया पडत होते, तोच वाचून रडले.

असो. थँक्सगिव्हिंगच्या सणाला तुम्ही दोघं इकडे जेवायला या. टर्कीएवढी भट्टी नाही, पण कोंबडी मावेल. पाहुण्यांना रात्री राहायलाही परवानगी आहे, मी खालच्या वहीत तुझं नाव घातलंय, नातं भाऊ. पलंग तुम्हाला देईन, मी जमिनीवर झोपेन, सवय आहे. तुमच्यासाठी जागा आहे, आणि ते मला कुणाकडून लिहून आणावं लागलं नाही.

तुझी,
लॉर्ना