दुरुस्तीतले जादा वाक्य

मी, नुआला कॉन्सिडाइन, वय एकाहत्तर, धंदा वकिली, राहणार गॉलवे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे, यकृत नाही. दोन्हींचे दाखले डॉक्टरांनी दिले आहेत. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. यापूर्वीची मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. व्यवस्थापक म्हणून माझी वकिलीतली भागीदार सोर्खा लायडन हिला नेमते. माझ्या अंत्यविधीत वृत्तपत्रस्वातंत्र्यावर कोणी भाषण सुरू केल्यास तिने त्याला खाली बसवावे.

२. भाऊ पाड्रिक याला माझी काळी छत्री. ती त्याने अकरा वर्षांपूर्वीच नेली आहे.

३. अडतीस वर्षे मी पत्रकारांचे खटले लढवले. ज्या फायलींत बातमी पुरवणाऱ्याचे नाव आहे, त्या न वाचता जाळाव्यात. बाकीच्या फायली आणि पुस्तके पत्रकार फिडेल्मा रूनी हिला द्यावीत.

४. १९९९ साली फिडेल्माने तिच्या साप्ताहिकात एका वृद्धाश्रमातील मृत्यूंचा सरकारी अहवाल छापला. अहवाल कोणी दिला, हे न्यायाधीशांनी विचारले. तिने सांगितले नाही. चाळीस दिवसांची कैद झाली. मी भेटायला गेले तेव्हा म्हणाली, "नाव सांगू नकोस, हेच सांगायला आलीस ना? झालं सांगून. आता खायला काय आणलंयस ते काढ."

ती आत असताना वृद्धाश्रमाची नोटीस आली. मृत एकवीस नव्हेत, एकोणीस. दुरुस्तीचा मजकूर मी लिहिला. ‘आकडा चुकला, एकोणीस वाचावे’ एवढे पुरे होते. पण साप्ताहिकाची अब्रू राखायची वकिली खोड. मी पुढे जोडले, ‘आमच्याजवळील प्रतीत एकवीस असेच टंकलेले आहे.’

एकवीस हा आकडा फक्त पहिल्या मसुद्यात होता आणि तो मसुदा सरकारी खात्यातल्या एकाच टेबलावर होता. दुरुस्ती छापल्यावर चौथ्या दिवशी त्या टेबलावरची टंकलेखिका ब्रीद मल्केरिन हिला कामावरून काढले. ती लिव्हरपूलला गेली, तिथेच वारली. तिला देता येईल असे माझ्याजवळ काही नाही.

५. ब्रीदचे नाव कोणी फोडले, असे सगळे विचारू लागले. संशय माझा कारकून कोल्म फॉय याच्यावर गेला, कारण तो खात्यातल्या लोकांबरोबर प्यायला बसे. सुटून आल्यावर फिडेल्माने विचारले, "कोल्मच ना?" मी म्हणाले, "मला ठाऊक नाही." मला ठाऊक होते. कोल्मने नोकरी सोडली आणि मासळीच्या लिलावात पेट्या उचलू लागला. सव्वीस वर्षे फिडेल्मा त्याला पाहून रस्ता बदलते.

ब्रीदचे नाव माझ्या वाक्याने फुटले. कोल्मने काही केले नाही. माझ्या मृत्यूनंतर हे कलम आणि वरचे कलम त्याच साप्ताहिकात, दुरुस्त्यांच्या जागी, एकही शब्द न वाढवता छापावे.

६. माझे राहते घर कोल्म फॉय याला.

७. उरलेली सर्व मिळकत पत्रकारांच्या बचाव निधीला.

पुरवणी. सही करण्यापूर्वी आज कोल्मला बोलावून वरील मजकूर वाचून दाखवला.

"तुम्हाला कळलं कधी?" त्याने विचारले.

"ब्रीदला काढलं त्याच दिवशी."

"म्हणजे त्यानंतर सहा आठवडे मी तुमच्या टेबलावर चहा ठेवत होतो."

"हो."

त्याने माझ्या हातातून कागद घेऊन शेवटचे पान पाहिले. मग म्हणाला, "साक्षीदार कोण आहेत, बाई?"

"सोर्खा आणि खालचा औषधवाला."

"औषधवाल्याला त्याचं दुकान सांभाळू द्या. मी करतो सही."

"ज्याच्या नावे काही ठेवलंय त्याने साक्ष केली, तर त्याला ते मिळत नाही."

"मलाच सांगताय? तुमची मृत्युपत्रं टाइप कोण करायचं?"

"घर घे, कोल्म."

"घराचं काय करू? तुम्ही मेल्यावर छापलंत, तर फिडेल्मा भांडणार कुणाशी? तुम्ही आहात तोवर छापा. ती येईल, शिव्या देईल, त्या तुम्ही ऐका. मी पुष्कळ ऐकल्या."

त्यामुळे कलम ५ मधील ‘माझ्या मृत्यूनंतर’ हे शब्द खोडले आहेत. दोन्ही कलमांची नक्कल सोर्खाच्या हाती साप्ताहिकाकडे पाठवली. गुरुवारच्या अंकात येईल. कलम ६ कोल्मच्या सहीने निष्फळ होते आणि घर निधीकडे जाते, हे मला माहीत आहे. ते मी खोडलेले नाही.

गॉलवे, मंगळवार, ४ नोव्हेंबर २०२५
(सही) नुआला कॉन्सिडाइन

आम्हा दोघांच्या समक्ष सही झाली. धंदा ज्याने त्याने स्वतः लिहिला आहे.

(सही) सोर्खा लायडन, वकील
(सही) कोल्म फॉय, वकिलाचा कारकून