तांबू खाडीपलीकडे

मालवण
१८ मे २०००

ती. सौ. जान्हवीताईस,
धाकट्या गुरुदासचा सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक. संजना बाळंतिणीच्या खोलीतून बाहेर आली. मुलगा रडका आहे, तुझ्यावर गेलाय. तुझ्याकडे काजू उतरले का? पाठवते म्हणतेस आणि दरवर्षी टोपली येतच नाही.

आता मुद्द्याचं. सासरी जाताना ताट-वाटी मोजून नेलीस, तुझा कुत्रा तेवढा विसरलीस! तांबूला आता नीट दिसत नाही. परवा अंधारात संजनाच्या आईचा पाय त्याच्या शेपटीवर पडला आणि त्याने त्यांचं लुगडं फाडलं. तेव्हापासून त्या पोराला खाली ठेवू देत नाहीत. एकतर तू त्याला घेऊन जा, नाहीतर पावसासाठी होड्या वर ओढायच्या आत मी त्याला खाडीपलीकडे सोडतो. आपल्याकडे मांजरं सोडतात तसं. पाणी ओलांडलं की जनावर वाट विसरतं. रागावू नकोस. दाजींना नमस्कार.

तुझा,
गुरुदास

वैभववाडी
२२ मे २०००

चि. गुरुदास यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. काजू पाठवते, पण आधी ऐक. तांबूला सोडू नकोस. मांजराचं ठीक, ते कुठेही पोट भरतं. हा मी मासळीबाजारातून पदरात घालून आणलेला, तुझ्या होडीच्या नाळेवर, त्या पुढच्या टोकावर बसून मोठा झालेला. म्हाताऱ्याला नवा गाव कोण देणार?

मला आणता आला असता तर आजच आले असते. पण सासूबाईंच्या अंगणात कोंबड्या आहेत, आणि त्यांच्यापुढे कुत्र्याचं नाव काढलं की त्या सूप आपटतात. विचारायची हिंमत होत नाही. पाऊस सरेपर्यंत सांभाळ. पडवीत बांध, पाळणा उंच घे. एवढं ताईसाठी कर. संजनाला डिंकाचे लाडू दे.

तुझी ताई,
जान्हवी

मालवण
२७ मे २०००

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र उशिरा पोचलं. तांबूला सोडून आलो होतो.

होडीत बसवायलाही लागलं नाही. इंजिन चालू करताच आपणहून उडी मारून नाळेवर बसला. त्याला वाटलं, मासळीला चाललोय. पलीकडे वाळूवर भाकरी टाकली, तो खायला उतरला, आणि मी होडी फिरवली. मागे बघितलं नाही.

दोन दिवसांत विसरेल असं वाटलं होतं. पण तुळसा मासे विकायला पलीकडे जाते. ती काल दारात येऊन म्हणाली की, गुरुदासा, तुझो कुत्रो काय्येक खाईत नाय, इंजिनाचो आवाज इलो काय पाण्यात उतरता. कुठलीही होडी असो, छातीभर पाण्यात जातो आणि ती पुढे गेली की परत येऊन बसतो. वर, तू तेका फसवलंस, असंही तोंडावर म्हणाली. मला जेवण गेलं नाही. संजना माझ्यावर चिडली आहे, तिची आई मात्र बरं झालं म्हणते. समुद्र चढायला लागलाय, ताई. आणायला जाऊ की नको?

गुरुदास

वैभववाडी
३१ मे २०००

गुरुदास,

आज आशीर्वाद लिहीत नाही. आणायला जाऊ की नको हे मला विचारतोस? एखाद्या लाटेने त्याला आत ओढलं तर तू काय सांगणार आहेस मला?

तुझं पत्र वाचताना मी रडले. सासूबाईंनी कारण विचारलं आणि मी सगळं वाचून दाखवलं. त्या सूप खाली ठेवून म्हणाल्या, आणतस तर आण गो, पण तेका मरेसर बघूक व्हया, मगे माका कोंबड्यांची कारणा सांगू नको. मी हो म्हटलं, मरेपर्यंत सांभाळीन. रविवारच्या एसटीने निघते. तू नाही आलास तर एकटी पलीकडे जाईन.

जान्हवी

मालवण
३ जून २०००

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तू निघायच्या आत मिळावं म्हणून हे शेजारच्या बाबलीच्या हाती पाठवतोय. तो वैभववाडीला चाललाय. तांबू जिवंत आहे.

तुझं पत्र यायची वाट न बघता परवाच गेलो. होड्या सगळ्या वर ओढल्या गेल्या होत्या. मी पुलावरून वळसा घालून, वाळू तुडवत गेलो. तो पाण्याच्या कडेला बसला होता, तोंड समुद्राकडे. हाक मारली, तरी वळला नाही. माझी वाट तो पाण्यावरून बघत होता, मी आलो जमिनीवरून. शेवटी पाण्यात उतरून त्याच्यापुढे बसलो. त्याने माझा हात हुंगला आणि चाटला. चावला असता तर बरं झालं असतं गो. कुत्र्याला एसटीत घेईनात. थोडा चालवत, थोडा खांद्यावर टाकून आणला.

संजनाने दारातच त्याला पेज दिली. पाळणा माजघरात उंच बांधलाय, तांबू पडवीत, मध्ये फळी. माझ्या सासूबाईंना मी स्वतः सांगितलं की, मामी, तुमका भय वाटता ता खरा, पण ह्यो हयच रवतलो. त्या दोन दिवस फुगल्या, आज फळीवरून त्याला माशाचं डोकं टाकलं.

रविवारी ये, पण त्याला न्यायला नको. तुझ्या सासूबाईंना, काशीबाईंना माझा नमस्कार सांग, त्यांनी तुझ्याकडून घेतलेला शब्द माझ्याकडूनच पुरा होऊ दे.

एकच गोष्ट आहे. होडी अंगणात माडाच्या झापांखाली उभी आहे. ज्या नाळेवर तो वाढला, तिच्याकडे आता तो पाठ करून बसतो. कितीही बोलावलं तरी जवळ जात नाही. बसू दे. मरेसर पाठ करून बसला तरी चालेल, पण माझ्या दारात बसू दे.

माझ्यावर नसला तरी त्याच्यावर लोभ असू दे.

तुझा,
गुरुदास